पाय मोडका प

वाघ व्हायचं काम अमान रेंगालीकडे.
पट्ट्यापट्ट्यांची चादर, एका कडेला उसवलेली,
तिला ओल्या कुत्र्याचा वास.
तो आधी गुडघ्यांना फडकी बांधतो
(पन्नाशीनंतर वाघालाही सांधे असतात, म्हणतो)
आणि चार पायांवर, वाळक्या काटक्या मोडत,
उंबराखालून दोन मिनिटं सावकाश जातो.

वर केलुबी. कुशीला तीन वर्षांचं पोर.
पट्टे दिसताच तिने त्याला बखोटीला धरून ओढलं,
चार फांद्या वर नेलं
आणि गप्प.
ब्र नाही. चकार नाही.
अर्धं चावलेलं फळ तेवढं ओठातून सुटलं,
पानापानावर आपटत माझ्या टोपीवर आलं.

माझ्याकडे माइक, घड्याळ, वही.
वाघ ओढ्यापलीकडे गेला. तिथे त्याने चादर काढली असेल,
घडी घातली असेल, लवंगेची सिगारेट पेटवली असेल.
चार मिनिटं.
नऊ. मोज्यात जळू शिरली, तिला शिरू दिलं.
सतरा.

मग, रान पुन्हा आपापलं झाल्यावर,
तिने हाताची पाठ ओठांना लावली
आणि हवा आत ओढली.

प्.

घसा नाही त्यात, स्वर नाही. नुसते ओठ.
पुन्हा प्. पुन्हा.
रोमन लिपीत ते मावेना,
म्हणून वहीत देवनागरीत प काढला
आणि त्याचा पाय मोडला.

कुणाला सांगत होती?
वाघाला नाही, तो नव्हताच.
पोर तिच्या हनुवटीखाली नाक घालून
तोंडाकडे टक लावून होतं,
बोळक्या तोंडाची माणसांची पोरं बघतात तसं:
हे निघतं कुठून?
जे आता नाही
ते होतं.
एवढंच असेल का ते? भूतकाळ, बिनक्रियापदाचा?
आमच्या बाई म्हणतील, घाई करू नकोस, आकडे आण.
आणतो, बाई.
पण कोटभर वर्षांपलीकडे, कुठल्याशा फांदीवर,
तिची आणि आमची सामाईक आई अशीच दम धरून बसली असेल.
पुढे कधीतरी कुणीतरी त्या प ला पाय दिला
आणि तो खाली उतरून चालायला लागला.

संध्याकाळी चुलीशी कॉफी.
गायो लोकांत पहिलं मूल झालं
की बापाचं नाव मागे पडतं.
अमान रेंगाली, रेंगालीचा बाप.
ही इनेन रेंगाली, रेंगालीची आई.
घरात तिसरं कुणी नाही.
दोन वर्षांत मी विचारलेलं नाही.

"आज किती थांबली?"
"सतरा मिनिटं."
तो गुडघ्याचं फडकं सोडत राहिला.
गाठ ओली होती, सुटेना.
"मला एकोणीस वर्षं झाली," म्हणाला,
आणि नदीच्या दिशेला हनुवटी केली.
इनेनची फुंकणी थांबली.

त्यांच्या भाषेत पाण्याला विह म्हणतात.
ओठांपासूनच सुरू होतो तो शब्द.
त्याचे ओठ त्या आकारात आले
आणि तिथेच राहिले.

मी घड्याळ पालथं ठेवलं.