सदर इसम

मुलीचं नाव दलाल.
पहिल्या दिवशी मापं घेताना मला हसूच फुटलं.
आमच्याकडे दलाल म्हणजे तो,
ज्यानं सत्तर हजार मोजून घेतले, ब्यूटी पार्लर सांगितलं
आणि कुवेतला आणून हवल्लीच्या गल्लीत
शिवणयंत्रावर बसवलं.
इथं दलाल म्हणजे लाडकी.
छाती चौतीस, बाही एकवीस,
दम मापात येत नाही:
एका श्वासात चाळीस शब्द फेकते, बूट आपटते,
आणि शेवटचा शब्द ओठांत धरून ठेवते,
मी टाचणी धरते तसा.

नाटक मुनीरा नावाच्या बाईचं.
दर फेब्रुवारीत ती मतदार नोंदणीच्या कचेरीत जाते,
दर फेब्रुवारीत कारकून चहा ढवळत म्हणतो, पुढच्या वर्षी.
एवढंच. तेच सहा वेळा.
वाद्य एकही नाही,
पोरं तोंडानंच ठेका धरतात, धप् च्यक् धप्,
माझ्या जुन्या मशीनचा पट्टा सैल झाला की
अस्साच वाजतो.
मुनीरा टेबलावर चढते: इक्तिब इस्मी! इक्तिब इस्मी!
लिही माझं नाव.

इस्म म्हणजे नाव, हे मला मागाहून कळलं.
मुरुडच्या चौकीत इसम म्हणजे
ज्याचं नाव माहीत नाही तो.
एक अनोळखी इसम. सदर इसम.
शब्द समुद्र ओलांडून आमच्याकडे आला
आणि येता येता नाव बुडवून आला.

मी मत दोनदा दिलं.
एकदा वडील म्हणाले त्या चिन्हाला,
एकदा नवरा म्हणाला त्या.
शाई मात्र माझ्याच बोटाला होती,
भांडी घासून घासूनही महिनाभर गेली नाही.
परवा जावेचा फोन: यादीतून तुझं नाव उडालं गं.
आणि लगेच, येताना बदाम आण.

तिसऱ्या प्रयोगाला पाचवी फेब्रुवारी अडली.
अबाया काढून निळं जाकीट, चाळीस सेकंदांत,
आणि चेन मध्येच रुतली.
मी दातांनी ओढली. दलाल तशीच धावली,
गळ्यात माझी टेप!
विंगेत मी कपाळाला हात लावला.
तिनं टेप उपसली, कारकुनाचं टेबल मोजलं,
त्याची मिशी मोजली,
दारापासून खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं
आणि आकडे ठेक्यावर खणखणीत वाचले.
मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका उभ्या राहिल्या.

दिग्दर्शक म्हणाला, टेप राहू दे. रोज.

त्या टेपच्या साठाव्या इंचापाशी
बॉलपेननं लिहिलंय: द्वारका भायदे.
दुकानातली पोरं टेपा पळवतात म्हणून.
रोज रात्री ते दिव्यांच्या झोतात येतं,
बहुतेक उलटं,
आणि सातशे माणसांत एकालाही वाचता येत नाही.

नवी टेप अडीचशे फिल्सला पडली.
बिल दलालच्या नावे फाडलंय.
एवढी एक वसुली व्हायचीच होती.