ठोकळे

जहाजालाही बूड असतं,
आणि ते टेकायला काहीतरी लागतं.
ते काहीतरी आम्ही बनवतो,
मी आणि नोल्बेर्तो साल्दिव्या,
तालकाउआनोच्या सरकारी गोदीत.

खाली काँक्रीट, त्यावर ओक,
सगळ्यात वर चार बोटं जाडीचं पाइन.
मऊच लागतं.
कठीण लाकूड टोचतं, नोल्बेर्तो म्हणतो,
आणि टोचलेलं जहाज इथे तक्रार करत नाही,
भर समुद्रात करतं.

मंगळवारी फ्रिगेट आली.
तोफेवर ताडपत्री, खलाशांच्या तोंडाला कुलूप.
दुरुस्तीच्या फॉर्मवर ‘कारण’ या रकान्यात
कुणीतरी पट्टी धरून
आडवी रेघ मारलेली.

गोदीचं दार लागलं. पंप सुरू झाले.
सहा तासांनी खालून पाणबुड्यानं
दोरीला दोन हिसके दिले: बसली.
एकशे बारा ठोकळे करकरले,
फार मोठ्यानं नाही,
म्हातारं माणूस खुर्चीत बसताना
गुडघे बोलतात तेवढंच.

तळाच्या डबक्यांत रोबालो मासे तडफडत होते.
रंगकाम करणाऱ्या बाया बादल्या घेऊन उतरल्या.
ऑर्तेन्सियानं मला तीन दिले, एक मोठा.
पहाऱ्यावरचा अधिकारी
त्या वेळी आभाळाकडे बघत होता.

ठोकळ्याखालच्या जागेलाही रंग लागतोच.
म्हणून दहाव्या दिवशी एकाआड एक काढले.
पाइनवर तिचा ठसा.
इंजिन कुठे, दारूगोळा कुठे,
कागदावर जे लिहायचं नाही ते सगळं
लाकडानं मुकाट्यानं उतरवून घेतलेलं.
नोल्बेर्तोनं ठशात अंगठ्याचं नख घातलं.
चार वर्षांपूर्वी घातलं होतं तेच नख.
‘डाव्या अंगाला जास्त रुतलीय,’ म्हणाला.
मग डबा उघडला आणि जेवायला बसला.

ही लाकडं जाळून टाकायची, असा नियम आहे.
कुठे जाळायची, ते नियमात नाही.

त्या रात्री भाऊ घरी आला होता.
तो त्याच जहाजावर, डाव्या अंगाच्या कोठीत.
मासा खाल्ला, काटे ताटाच्या कडेला
ओळीनं लावून ठेवले, लहानपणासारखे.
आईनं दोनदा विचारलं, कसं होतं?
दोनदा म्हणाला, थंडी होती.

जुलै. बाहेर वारा कौलं मोजत होता.
मी शेगडीत एक फळी सारली.
तिला चिकटलेल्या रंगात तांबं असतं,
ज्वाळ हिरवी निघते.
वास वाईट, आई खिडकी किलकिली करते.

तो बराच वेळ त्या हिरव्याकडे बघत राहिला.
‘कुठलं लाकूड हे?’
‘तुझ्याच बुडाखालचं.’

हसला. मग हसणं थांबेना,
मग ते हसणं राहिलं नाही.
आई खिडकीशीच उभी राहिली, पाठमोरी.
मी दुसरी फळी सारली.

उद्या उरलेले छप्पन्न काढायचेत.