मातृभाषेचा रकाना

खारघरच्या इस्पितळात खिडकी चार.
मी टाइपते : देश इराक, भाषा अरबी.
बिलिंद नावाचा म्हातारा पेन मागतो,
छापील फॉर्मवरचं 'अरबी' खोडतो
कागद फाटेस्तोवर.

दुभाषा ओशाळतो : कुर्दी म्हणतोय.
या शब्दापायी शाळेत छड्या खाल्ल्यात त्यानं.

मग म्हातारा मांडीवर थाप मारतो.
सुंतेच्या दिवशी त्याला धरलं होतं
शेजारच्या यझिदीनं, आपल्या मांडीवर.
रक्त त्याच्या कपड्यांवर सांडलं
आणि दोन घरं सख्खी झाली.
त्यातल्या एकाचं आता कुलूपही उरलं नाही.

यादीत कुर्दी नाही.
'इतर' आहे.

'मना' नव्हे, 'मला' म्हण,
कोपऱ्याच्या शाळेतल्या बाई.
तळहात अजून आठवतो.

मी 'इतर' दाबते.
फाटक्या भोकाच्या कडेनं
पेनानं लिहिते : कुर्दी.
त्याला वाचता येत नाही.
बोटानं अक्षरं मोजतो,
दोनच?