सव्वा एकराचा धुरा

पहिल्या वर्षी मी वाऱ्याला भिंत घातली.
इतवारीतल्या लोहाओळीतून बावीस पत्रे,
निळे, नालीदार,
टेम्पोत आडवे बांधून कळमेश्वरच्या पुढे नेले.
एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला
वाटलं, आता कुणाचं ऐकायला नको.

वैशाखात एका दुपारी आभाळ पिवळं पडलं
आणि वावधन सुटलं.
पत्रे आधी पोटं पुढे काढून उभे राहिले
मानपानाला अडलेल्या व्याह्यांसारखे,
मग एकेक खिळा बोलू लागला.
सकाळी शालिक बारापात्रेच्या वावरात सतरा सापडले,
नाल्यात तीन.
उरलेल्या दोघांचं शालिकनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

इसतारी उईके सायकलवर आला.
दांडीला सब्बल बांधलेली, हँडलला ओळंबा.
कलंडलेला खांब त्यानं अंगठ्यानं हलवून पाहिला
दुखरा दात हलवावा तसा.
"बाई, काळी माती हाय हे.
पावसात फुगते, उनात फाटते.
इच्यात दीड फूट खांब गाडणं म्हंजे
झोपल्या म्हशीच्या पाठीवर दिवा ठेवणं.
मुरूम लागेपर्यंत खाली जा लागते."

गेलो.
साडेतीन फुटांवर सब्बलीचा आवाज बदलला,
थप्प थप्प होतं, टण् झालं.
"लागला," तो म्हणाला.
मी उगाच हसले.
ट्रंक कॉल जुळला की आम्हीही हेच म्हणायचो,
कानावरचा हेडफोन सावरत.

जाळी घेऊ का, विचारलं.
बारीक जाळीत पऱ्हाट्या, पानं, पन्न्या अडकतात,
मग तिचाच पत्रा होतो, म्हणाला.
तारेत वीज सोडायचं कुणीतरी सुचवलं होतं.
तेव्हा तो काही बोललाच नाही,
नुसता माझ्याकडे पाहत तंबाखू मळत राहिला.
शेवटी पाच पदरी काटेरी तार,
कोपऱ्याच्या खांबांना दोन-दोन तिरपे टेके,
आणि आतल्या अंगानं शेवरीची दाट ओळ.
"वारा थांबवाचा नाई, चाळाचा.
जाडा वारा तिकडं, बारीक वारा इकडं."

दोरी ताणायच्या दिवशी मात्र तंटा झाला.
वाऱ्यानं दोरीला पोट आलं,
वीतभर, शालिकच्या बाजूला.
शालिक धुऱ्यावर येऊन उभा राहिला,
हात मागे, चेहऱ्यावर सातबारा.
इसतारीनं दोरी सैल सोडली.
"वारा पडू द्या."
तिघं बाभळीखाली बसलो.
कुणी कुणाशी बोललं नाही.
चारच्या सुमाराला शालिकनं घागर आणली,
आधी इसतारीला पाणी दिलं, मग मला.
दिवस कलला, पानं थांबली,
दोरी सरळ झाली
आणि धुऱ्याचा दगड निघाला
आम्हा दोघांच्याही आठवणीत नसलेल्या जागी.

आता शेवरी माझ्या खांद्याला लागते.
रोही येतात, तारेपाशी थबकतात,
पाहुण्यांसारखे आत डोकावून परततात.
एखादा नाही परतत.
डुकरांनी नाल्याकडचा खालचा पदर दोनदा उचलला;
इसतारी येईन म्हणाला, अजून यायचा आहे.

वेचणीच्या दिवसांत शालिकचा कापूस उडतो,
तारेच्या काट्याकाट्यावर बसतो.
रोज सकाळी मी तो सोडवते,
बोटं ओरबाडून घेत, पिशवीत भरते.
परवा पिशवी द्यायला त्याच्या दाराशी गेले.
त्यानं ती हातावर तोलली,
"पावभर बी नाई," म्हणाला, पण ठेवून घेतली.
मागे कोंबड्यांचा खुराडा होता.
त्याच्यावर दोन पत्रे.
निळे.
चारही कोपऱ्यांना दगड.

"हलतात का कधी?" मी विचारलं.
"नाई," शालिक म्हणाला.
"वारा आता तुमच्याकडूनच कमी येते."

रात्री तार गुणगुणते.
पलंग खिडकीशी ओढून घेतला आहे.
चौथा पदर जरा सैल झालाय,
सूर उतरलाय त्याचा.
उद्या ताणायला हवा.