तिसरी वाट

शाहूपुरीत, इलाहीच्या दुकानात,
शटर अर्धं खाली ओढून
आम्ही फरशीवर नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
पान्ना, हवेचा पंप, चहाचा पेला
आणि माझा उजवा गुडघा,
जो हल्ली वजन म्हणूनच बरा.

करूळ नको. उसाचे ट्रॅक्टर असतात,
वळणावर मागची ट्रॉली आपल्याच मनानं वळते.
भुईबावडा नको. गेल्या खेपेचा ब्रेकच्या रबराचा वास
घरी आल्यावर दोन दिवस भाताला येत होता.
फोंड्यात गवे.
इलाही म्हणतो, गव्याला घंटी ऐकू येते,
तो फक्त मनावर घेत नाही.
अणुस्कुरा चांगला, सावलीचा,
पण डांबरी.
त्याच्यावर बोट टेकवून इलाही लगेच उचलतो,
तव्याला लागल्यासारखं.

मग उरतात तुटक रेषा.

तुटक रेषा म्हणजे
मोजणीवाल्याला त्या दिवशी तिथून
कुणीतरी जाताना दिसलं होतं, एवढंच.
सव्वीस वर्षं मी भूगोल शिकवतेय.
समोच्च रेषा जवळजवळ, म्हणजे उतार तीव्र:
पोरांकडून घोकून घेतलं, दोन गुणांसाठी.
त्याच रेषा आता
मांडीत दुखतात.

फोनला विचारलं होतं आधी.
तो म्हणाला, रस्ता नाही,
आणि दीडशे किलोमीटरचा वळसा दाखवून गप्प बसला.

गेल्या महिन्यात बोरबेटच्या वर, सड्यावर,
बमू येडगे भेटला, म्हशींमागं.
सायकलीभोवती एक फेरी मारली त्यानं,
जनावर पारखावं तशी सीट दाबली,
चाकाचे दात मोजले.
"कुटं जायाचं?"
"खाली. कोकणात."
"बसून जाणार, का घिऊन जाणार?"
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
"बसून जाणार आसला तर वाट न्हाई.
घिऊन जाणार आसला तर तीन हाईत."

काठीनं मातीत ओढल्या त्यानं.
एक पाण्याची. पावसाळ्यात तिच्यात उतरू नका,
ती वाट असल्याचं पाण्याला ठाऊक नसतं.
एक मिठाची. बैलांवर मीठ चढायचं तेव्हाची,
आता नुसती कातळातली खाच.
"आणि ही आमच्या बहिनीची.
खाली दिलीया तिला. वर्साला दोनदा येती."
किती वेळ लागतो तिला चढायला?
"पोर कडंवर आसंल तर चार तास.
नसंल तर घाई नसती. पाच."

इलाही मिठाच्या बाजूनं.
बैलानं काढलेला चढ अंगाला लागत नाही, म्हणतो,
बैल आपल्यासारखा हौशी नव्हता.
खरंय. खाच वळणावळणानं उतरते,
प्रत्येक वळणावर दम खायला जागा सोडून.
बहिणीची वाट तशी नाही.
ती सरळ वर येते
सहा रेषा एका दमात ओलांडून,
कारण तिला खालूनच वाड्यावरचा धूर दिसतो.

उतरायचं मिठानं, असं ठरतं.
चढायचं कशानं, ते मी ठरवते,
आणि इलाही नकाशावरून माझ्या गुडघ्याकडं बघतो.
बोलत नाही.
माझी सायकल आकड्याला लटकवतो,
स्टँड काढतो, घंटी काढतो
(गव्याचं आधीच बोलून झालंय),
बाटलीचा एक कंस काढतो,
मग दुसराही.
भंगारवाल्याचा तराजू आणलाय शेजारून.

चौदा किलो, थोडं वर.

"ताई," म्हणतो, "हे तर
आमच्या सनाएवढं झालं.
येत्या ईदला तीन पुरी होतील तिला."

बमूला मी विचारायचं विसरले
तिचं नाव.
पेन्सिलीनं कडेला, जिथं प्रमाण छापलेलं असतं
त्याच्या खाली लिहिते: चार तास.
इलाही गार झालेला चहा उचलतो,
आणि तो कोपरा मोकळा होऊन
अलगद गुंडाळत येतो,
अख्ख्या कोकणावर.