एक आणा उजेड

दिवाळी जवळ आली की वडशात नाटकांचे बोर्ड चढतात
आणि माझ्या दुकानात खलनायक रांगेनं बसतात,
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मिशा खिशात ठेवून.

एका फ्लॅशवर इतकी वर्षं भागवलं.
समोरून मारला की तोंड रेशन कार्डावरचं,
बाजूनं मारला की अर्धं तोंड वैनगंगेत.
म्हणून दुसरा घ्यायला नागपूरला गेलो.

बर्डीवरच्या पोरानं तीन मांडले काचेवर.
एक स्वतःच अंदाज घेणारा.
किंमत ऐकून मी पाणी मागितलं.
दुसरा, पहिला पेटला की त्याला पाहून पेटणारा.
तसला होता माझ्याकडे. कुणाच्याही उजेडाला ओ द्यायचा.
आरमोरीच्या लग्नात मुलीकडच्या फोटोग्राफरनं
जितके फोटो काढले तितके माझे सेल जळले.
वरात मांडवात येईस्तोवर मी रिकामा.

तिसरा बुटका, वापरलेला,
डोक्यावर ओरखडा, पाय एकदा जोडलेला.
रिमोटचा डबा लावला तर फक्त माझंच ऐकेल.
ताकद मात्र हातानं ठरवायची:
पूर्ण, अर्धी, पाव,
खाली उतरत सोळाव्या हिश्शापर्यंत.
"म्हणजे एक आणा," मी म्हणालो.
पोरानं आणा पाहिलेला नव्हता.
त्यानं शंभर रुपये कमी केले, बहुतेक माझ्या वयाचे.

बाबांचाही एक आहे कपाटात.
त्याच्या तारेत एवढा झटका
की नवा कॅमेरा जागीच मरेल.
बाबा म्हणायचे, गिऱ्हाइकाला सोळा आणे उजेड देऊ नये,
त्याला घरी जाऊन आरशात पाहायचं असते.

पहिली आली अनसूया गेडाम.
नाटकाचं नाव ठरलं नव्हतं, बोर्ड आधी छापायचा होता.
बावीस वर्षं ती अठराचीच आहे स्टेजवर.
"सुरकुत्या नको जी," म्हणाली, "पण माणूस दिसू दे."

मोठा फ्लॅश डावीकडून, उंच, पांढऱ्या छत्रीतून.
बुटका उजवीकडे, आठ आणे.
चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा.
चार आणे.
गोळा थोडा मळलेला.
"काऊन बा, लाइट गेली का?"
मी काही बोललो नाही. उजव्या गालावर सावली
बसली होती तशी बसू दिली.

मग प्रणयला खुर्चीमागे उकिडवं बसवलं,
बुटका त्याच्या हातात, तोंड वर, तिच्या मानेकडे.
स्टँडचे पैसे उरले नव्हते.
एक आणा.

काळे केस काळ्या पडद्यापासून सुटले.
खांद्याला एक कड आली, बारीक, दोऱ्याएवढी,
आणि कानाची फाटलेली पाळी,
तिच्यातून आरपार लाल.

स्क्रीनवर तिनं ते बोटांनी मोठं केलं.
मी म्हणालो, पदर घेऊ, पुन्हा काढू.
"पहिल्याच कंपनीत गेली ही," ती म्हणाली,
"मारामारीचा सीन होता, समोरच्यानं खरंच ओढलं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही उरलेला डायलॉग म्हटला."
आणि थोड्या वेळानं,
"राहू दे."

प्रणयचे पाय मुंगले होते. तो उठताना पडला.

छपाईवाल्यानं मागे ज्वाळा टाकल्या, विजा टाकल्या,
चेहरा दुधासारखा धुऊन अठराचा केला,
सावली तर पार खरडून काढली.
कान तेवढा विसरला.

रेल्वे फाटक पडलं की समोरच तो बोर्ड येतो.
मालगाडी लांब असते.
मी पाळीकडे बघत उभा राहतो.