खालचे पाच

महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी दहाच्या आत
शेठना कागद लागतो.
वरचे दहा हिरव्यात, खालचे पाच तांबड्यात.
मधले अठ्ठावीस छापायचे नाहीत.
"शाई वाया जाते," असं ते एकदा म्हणाले,
आणि मला वाटलं होतं, विनोद आहे.

जळगाव एमआयडीसी. मागच्या शेडमध्ये चटया विणणारी यंत्रं
रात्रपाळीची तापलेली अजून.
गरम प्लास्टिकचा वास
डब्यातल्या कळण्याच्या भाकरीलाही लागतो.
पेपरात तापमानाची यादी आलीय:
आम्ही पहिले. पंचेचाळीस पूर्णांक आठ.
वॉचमन उखर्डूतात्या ते पान घडी करून खिशात ठेवतो,
जणू गाव त्यानेच तापवलं.

मी रकान्यावर टिचकी मारते.
मोठ्याकडून लहानाकडे.
त्रेचाळीस माणसं एका क्षणात उठून जागा बदलतात,
ना धक्काबुक्की, ना कुणाचा पाय कुणावर.
वर खुशाल बडगुजर, चोपडा. नेहमीसारखा.
मंडपवाले त्याच्या हातात, लग्नसराई त्याचीच.
दुसरा फेगडे, फैजपूर.
तिसऱ्या जागेसाठी अमळनेर आणि पारोळा
बावीस रुपयांवरून भांडतायत.
बावीस रुपये. दोन चहा आणि सुटे.

मग उलट. लहानाकडून मोठ्याकडे.
विहीर आटली की कुणाकुणाची हरवलेली भांडी दिसतात
तसा तळ वर येतो.
पहिल्याच ओळीत
रायसिंग पावरा, धडगाव. शून्य.

हे शून्य कुणी भरलं?
मीच.
कप्पा मोकळा होता, मोकळा बरा दिसत नाही,
बोटाने सवयीने दाबलं.
रायसिंग मे महिनाभर कामावर नव्हताच.
तोरणमाळच्या घाटात मोटारसायकल घसरली,
मांडीत सळई घातलीय.
रजेचा अर्ज माझ्याच फायलीत,
त्याला टाचणीने एक्स-रेची पावती.

शून्य म्हणजे गेला, दारोदार फिरला, विकलं गेलं नाही.
मोकळं म्हणजे गेलाच नाही.
एवढा फरक यंत्रालासुद्धा कळतो:
शून्याला ते रांगेत उभं करतं,
मोकळ्याला मोजतच नाही.

मी शून्य खोडलं.
रायसिंग यादीतून उठून गेला,
न लंगडता.

पण तांबडी चौकट पाचाची आहे.
तिच्यात जागा रिकामी राहत नाही.
खालून सहावा होता तो पाचवा झाला:
लोटन देसले, शिंदखेडा. एकशे बारा चटया,
उन्हातान्हात, एकेक गाव करून.
कालच त्याचा फोन होता,
"ताई, मन्हा नंबर कितवा शे?"
मधल्यांत आहात, मी म्हटलं, निवांत राहा.
"मंग बरं शे."
मागे कुठलीतरी बस हॉर्न देत होती.

पाचाच्या जागी चार टाकून पाहिलं.
देसले सुटला.
मथळ्यात मात्र पाच तसेच, ठळक,
आणि शेठ मोजतात.
बोट ठेवून मोजतात.
परत पाच केले.
नऊ बावन्न.

छपाईयंत्राने आधी हिरवं ओकलं, मग तांबडं.
शेठनी हिरव्यावरून नजर फिरवली,
चोपड्याला "शाबास" म्हणाले, हवेतच.
मग तांबड्यावर बोट. एक, दोन, तीन, चार, पाच.
थांबले.
"पावरा नाही या वेळी?"
चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी
कुणी दिसत नाही म्हणून विचारलं.
दवाखान्यात आहे, मी म्हटलं. मांडीचं हाड.
"अरेरे," ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना.
मग कागद घडी करत,
"येईल. पुढच्या महिन्यात येईल."

कुठे येईल, ते मी विचारलं नाही.

जेवायच्या सुट्टीत फोन थरथरला.
शिंदखेडा.
भाकरीचा घास हातात होता,
तो संपेपर्यंत वाजू दिला,
मग उचलला.